माझी जाऊ आणि आखूड धावपट्टी

माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक केलं तर नात्यापोटी केलं असं कुणी म्हणायला नको. घर एकच, ती खाली, मी वर. कपडे वाळत घालायची दोरीही एकच, आणि त्या दोरीवर वीस वर्षांत मला सलग चार साड्या वाळवता आल्या नाहीत. त्यात नशीब असं, की नोकरीही दोघींची एकाच जागी, गावाबाहेरच्या छोट्या सरकारी विमानतळावर. मी कार्यालयात टंकलेखक, ती धावपट्टीवर.

धावपट्टीवर म्हणजे विमान चालवायला नव्हे. रोज सकाळी पहिलं विमान यायच्या आत ती पट्टी पायी तुडवायची आणि खडा, बोल्ट, टायरचा तुकडा, मेलेला पक्षी, जे दिसेल ते उचलायची. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. इंजिनात खडा गेला तर काय होतं हे नव्या माणसाला सांगताना दोन्ही हातांनी ती असं काही करून दाखवायची, की तो बिचारा आठवडाभर जमिनीकडे बघत चालायचा. सगळे तिला ‘खडेवाल्या बाई’ म्हणत. शिक्षण सातवी. वडील रस्ते बांधणाऱ्या टोळीत होते, त्यामुळे डांबर तिला लहानपणापासून कळायचं. भेग बघून सांगायची, ही उन्हाची, ही पाण्याची, ही कंत्राटदाराची.

आमच्या विमानतळाला पट्ट्या दोन. एक मोठी, जिच्यावर आठवड्यातून तीनदा प्रवासी विमान उतरतं. दुसरी आखूड, जुनी, मोठीला आडवी छेदून टेकडीच्या दिशेनं जाणारी. तिच्या कडेला गवत माजलेलं, दिव्यांचे दोन खांब वाकलेले. कार्यालयाच्या खिडकीतून ती पट्टी दिसतही नाही. खरं तर माझ्या खोलीला खिडकीच नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण या गोष्टीत माझा स्वार्थ कुठं होता ते कळायला हवं.

विमानतळ तोट्यात चालायचा. दर वर्षी नगरपालिकेत त्यावरून आरडाओरडा व्हायचा. शेवटी विमानतळ मंडळानं राजधानीहून एक सल्लागार बोलावला आणि पुढल्या दहा वर्षांचा व्यवसाय आराखडा करायला सांगितला. सल्लागार चाळिशीचा, सज्जन, सतत रुमालानं मान पुसणारा. तो नऊ दिवस राहिला, सगळ्यांशी नम्रपणे बोलला, सगळी रजिस्टरं चाळली आणि दोन महिन्यांनी एकशे ऐंशी पानांचा आराखडा पाठवून दिला. त्याच्या प्रती मीच काढल्या.

आराखड्याचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. आखूड पट्टी बंद करायची, तिची जमीन मोकळी करून तिथं दुकानं आणि सभागृहं बांधायची, त्यांच्या भाड्यावर विमानतळ चालवायचा. कारण काय, तर वर्षभरात आखूड पट्टीवर विमानं उतरली फक्त शहाण्णव. टॉवरच्या रजिस्टरमधला आकडा. शहाण्णव विमानांसाठी एवढी जमीन अडवून ठेवायची म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का, असं अर्थातच लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेच वाटावं असं लिहिलं होतं. मलाही वाटलं. शिवाय एकशे बाराव्या पानावर नव्या इमारतीचा नकाशा होता, आणि त्यात ‘कार्यालय’ लिहिलेल्या खोलीला दोन खिडक्या होत्या. मी त्या मोजल्या.

आराखडा मंजूर करायला सात जणांची समिती नेमायची होती. नियमाप्रमाणे त्यात एक जण खालच्या श्रेणीतला कर्मचारी हवा. आमचे व्यवस्थापक वाईट गृहस्थ नव्हेत, पण त्यांना कुठलीही गोष्ट जेवणाच्या सुट्टीच्या आत आटपायला आवडायची. त्यांनी मला विचारलं, “तुमच्या जाऊबाई बोलतात का फारशा?”

“घरात बोलतात,” मी म्हटलं.

“घरात काय, सगळेच बोलतात. इथं सही करायची, चहा प्यायचा, एवढंच. त्यांचंच नाव टाका.”

मी टाकलं. पत्रही मीच टाइप केलं. व्यवस्थापकांना वाटलं गरीब गाय निवडली. मी गप्प राहिले, कारण मला वाटलं, होऊ दे यांची फजिती. त्या वेळी माझा हेतू इतकाच थोर होता.

पत्र मिळाल्याच्या दिवशीच ती कार्यालयाच्या दारात उभी राहिली. “धाकटे, तो आराखडा दे.”

“कशाला?”

“बंब पेटवायला. अगं, वाचायला! सही करायची ना मला?”

अकरा दिवस लागले तिला. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडमध्ये बसून, घरी भाजी निवडताना, एकेक ओळ बोटाखाली धरून तिनं तो वाचला. मोठे दीर म्हणायचे, जेवायला वाढतेस की धोरण ठरवतेस? जिना चढून वर येऊन ती मला शब्द विचारायची. ‘भागधारक’ म्हणजे कोण, ‘बलस्थान’ म्हणजे काय. मी अर्थ सांगायची आणि मनात वैतागायची. बाराव्या दिवशी ती वर आली ती पुस्तक उघडं धरूनच.

“यात आखूड पट्टी ‘उणिवा’ या मथळ्याखाली घातलीय.”

“मग? आहेच ती उणीव. गवत वाढलंय नुसतं.”

“तू बघितलीस कधी ती पट्टी?”

“बघायला खिडकी कुठं आहे मला?”

ती माझ्या पलंगावर बसली, न विचारता, नेहमीसारखीच, आणि मला वारा समजावून सांगू लागली. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वारा समोरून असला की ते स्थिर राहतं. तोच कुशीतून आला, की मोठं विमान कसंबसं निभावतं, छोटं मात्र पतंगासारखं बाजूला सरकतं. आमच्याकडे वर्षातले पाच महिने दुपार उतरली की टेकडीकडून वारा सुटतो, तो मोठ्या पट्टीला बरोबर आडवा. आखूड पट्टी टेकडीकडे तोंड करून आहे, ती ज्यानं बांधली तो खुळा नव्हता. वारा असला की रुग्णांना नेणारं छोटं विमान आखूड पट्टीवरच उतरतं. पिकांवर फवारणी करणारी विमानंही परतताना तिथंच येतात.

“आणि शहाण्णव म्हणे!” ती म्हणाली. “संध्याकाळच्या फेरीला मी रोज त्यांच्यासाठी बाजूला होऊन उभी राहते. शहाण्णव वेळा फक्त पदरच सावरला असेल मी.”

“पण रजिस्टरमध्ये तसं आहे, ताई.”

“मग रजिस्टर खोटं बोलतंय.”

मला हसू आलं. टॉवरचं रजिस्टर म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. ते खोटं आणि सातवी शिकलेली माझी जाऊ खरी? मी दिवा मालवायचं निमित्त करून तिला खाली पाठवलं.

समितीची पहिली बैठक बुधवारी झाली. मंडळाच्या अध्यक्षबाई गावातल्या दातांच्या डॉक्टर होत्या. बारीक, ताठ, कुणी बोलू लागलं की त्याच्या तोंडाकडे रोखून बघायची त्यांना सवय. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. सल्लागारानं पडद्यावर चित्रं दाखवली. चहा आला. व्यवस्थापकांनी सह्यांचा कागद फिरवला. पाच सह्या झाल्या आणि कागद तिच्यापुढे आला. तिनं तो सरळ केला, वाचला आणि परत सरकवला.

“मी नाही करत.”

व्यवस्थापक हसले. “बाई, इथं नाव लिहायचं फक्त.”

“नाव लिहिता येतं मला. पण आखूड पट्टी बंद केलीत तर वाऱ्याच्या दिवशी रुग्णांचं विमान उतरणार कुठं? दुकानाच्या गच्चीवर?”

सल्लागारानं मान पुसली आणि अगदी सौम्यपणे तोच आकडा पुन्हा सांगितला.

“आकडा चुकीचा आहे,” ती म्हणाली.

“तुमच्याकडे दुसरा आकडा आहे का?”

तो तिच्याकडे नव्हता. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, कागदावर मांडलेलं नव्हतं. ती नुसती म्हणाली, “नाही. पण सही करणार नाही.” नियम असा होता, की सातही सह्या नसतील तर आराखडा खुल्या चर्चेला ठेवायचा आणि मग मतदान घ्यायचं. म्हणजे जेवणाच्या सुट्टीच्या आत आटपणारं काम आता तीन महिने लांबलं. व्यवस्थापकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सोमवारी तिची बदली झाली. धावपट्टीवरून वाहनतळावर. गाड्यांच्या खाली सांडलेलं तेल पुसायचं आणि कागदाचे कपटे वेचायचे. बदलीचा हुकूम मीच टाइप केला. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. हुकूम घेऊन ती तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“कार्यालयीन सोय म्हणून बदली आहे,” ते म्हणाले. “पुढे-मागे समजुतीनं घेतलंत, चार ओळींत चूक झाली असं लिहून दिलंत, तर विचार करू.”

“साहेब, पट्टीवरून काढलंत. समितीवरून काढता येतं का?”

आतून फाइलीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“नाही ना? मग बसते मी तिथं. बुधवारी भेटू.”

त्या दिवशी संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती. तोंड करारी, पण चिमटे हातातून निसटून खाली पडत होते. बावीस वर्षं रोज चाललेली जागा हिसकावून घेतली होती तिच्याकडून. मी वरून बघत होते. खाली जाऊन चिमटे उचलून द्यावेत असं वाटलं, पण गेले नाही. आत येऊन कपाटातून विमानतळाच्या नियमांची जुनी पुस्तिका मात्र काढली. का काढली, विचाराल तर, व्यवस्थापकांनी हुकुमात ‘कार्यालयीन सोय’ या शब्दांखाली मला रेघ मारायला लावली होती. ती रेघ मला टोचत होती.

एकोणिसाव्या पानावर कलम सापडलं. समितीच्या कुठल्याही सदस्याला मतदानाआधी प्रत्यक्ष जागेची पाहणी मागता येईल, आणि ती द्यावीच लागेल. मी ते पान उघडून तिच्या ओट्यावर ठेवलं आणि वर आले. दुसऱ्या दिवशी दोरीची अर्धी बाजू रिकामी होती.

पण नुसतं ‘नाही’ म्हणून तिचं समाधान होईना. “मी नको म्हणाले, की विचारणार, मग तुम्ही काय करणार? गवत विकणार?” असं ती स्वतःशीच बडबडायची. एका सुट्टीच्या दिवशी ती पहाटेची बस धरून शेजारच्या शहरात गेली. तिथं एक विमानचालन शाळा आहे, मुलामुलींना छोटी विमानं चालवायला शिकवते. त्या शाळेचे प्रमुख निवृत्त वैमानिक, भरघोस मिशांचे, जगावर कायम चिडलेले. त्यांच्या दाराशी ही दोन तास बसली. त्यांना वाटलं कामाला बाई आलीय. म्हणाले, जागा नाही. ही म्हणाली, “मला काम नकोय, तुम्हाला पट्टी हवी का विचारायला आलेय.”

परत आली तेव्हा तिचा चेहरा असा फुललेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. जिन्यातच बोलू लागली. त्यांच्याकडे पट्टी एकच. वारा आडवा झाला की सगळी विमानं जमिनीवर, विद्यार्थी कॅरम खेळत बसतात. वाऱ्याच्या महिन्यांत तीन दिवसांतला एक दिवस असा फुकट जातो. दोन दिशांच्या दोन पट्ट्या असलेला विमानतळ ते चार वर्षं शोधत होते.

“मी म्हटलं, तो पस्तीस मैलांवर आहे. तर माझ्यावरच ओरडले, मग इतके दिवस कुणी सांगितलं का नाही म्हणून!”

“आणि तुम्ही?”

“मीही ओरडले. म्हटलं, तुम्ही इतके दिवस विचारलंत का?”

रविवारी दुपारी आम्ही दोघी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती सांगत होती, मी टाइप करत होते. चार पानं झाली. आखूड पट्टी ही उणीव नव्हे, तेच आपल्याकडचं विकायचं सामान आहे. आसपास कुणाकडे नाही. विमानचालन शाळेला जागा भाड्यानं द्यावी, तिच्यापाठोपाठ विमानांची दुरुस्ती करणारे येतील, रुग्णांचं विमान कायमचं इथं ठेवता येईल. दुकानं काय, कुठंही निघतात. मी दोनदा तिची वाक्यं सुधारायला गेले. एकदा तिनं ऐकलं. दुसऱ्यांदा म्हणाली, “माझं वाक्य जरा खडबडीत आहे, राहू दे. त्यावर कुणी घसरणार तरी नाही.”

पाहणीचा अर्ज दिला. तिनं वेळ मागितली दुपारी साडेचारची. व्यवस्थापकांनी मंजूर केली सकाळी अकराची. तेव्हा आम्हाला वाटलं खोडसाळपणा. आता वाटतं, त्यांना खरंच फरक ठाऊक नव्हता.

पाहणीच्या दिवशी अकरा वाजता हवा इतकी पडलेली होती, की खांबावरचा वारा दाखवणारा नारिंगी कापडी मोजा भिजलेल्या टॉवेलसारखा लोंबत होता. शाळेचे प्रमुख स्वतः छोटं विमान घेऊन आले आणि मोठ्या पट्टीवर लोण्यावर सुरी फिरवावी तसे अलगद उतरले. व्यवस्थापक सल्लागाराकडे बघून हसले. समितीतले एक दुकानदार सदस्य म्हणाले, “बाई, तुमचा वारा रजेवर गेला वाटतं.” सगळे हसले.

ती हसली नाही, चिडलीही नाही. “वारा काही माझ्या हाताखाली कामाला नाही,” म्हणाली. “चला, आखूड पट्टीकडे चला. पाहणी तिची आहे.”

उन्हातून दहा मिनिटं चालत सगळे तिथवर गेलो. मी त्या विमानतळावर चौदा वर्षं काम करत होते आणि त्या पट्टीवर पहिल्यांदा पाय ठेवत होते. जिथं विमानाची चाकं पहिल्यांदा टेकतात तिथं ती थांबली.

“हे पांढरे पट्टे गेल्या वर्षी रंगवले. मी उभी राहून रंगवून घेतले. बघा आता.”

पट्टे पांढरे नव्हतेच. त्यांच्यावर रबराचे काळे फराटे होते, एकावर एक, मधे तर पांढरा रंग शोधावा लागत होता. चाक टेकताना घासतं, त्याचं रबर. तिनं बुटाच्या टाचेनं खरवडून दाखवलं. “ही नुसती छोटी विमानं आहेत, एका वेळी नखाएवढं रबर सोडतात. शहाण्णव वेळा उतरून एवढं काळं होईल? माझ्या बापानं रस्ते केले. रस्त्यावरून किती चाकं गेली ते रस्ता लपवत नाही.”

अध्यक्षबाई गुडघ्यावर बसल्या. अगदी दाढ तपासावी तशा वाकून त्यांनी ते फराटे पाहिले, बोटानं घासले, बोट नाकाशी नेलं. मग विचारलं, “ही विमानं येतात केव्हा?”

“वारा सुटला की. साडेचार, पाच, साडेपाच. रुग्णांना डॉक्टर दुपारी तपासतात, मग पाठवायचं ठरतं, म्हणून ते विमान संध्याकाळचंच.”

“आणि टॉवर किती वाजता बंद होतो?”

सगळ्यांना ठाऊक होतं. टॉवर चार वाजता बंद होतो. त्यानंतर वैमानिक आपापसात रेडिओवर बोलून उतरतात, आणि रजिस्टर कुलपात असतं. चौदा वर्षं त्या रजिस्टरवरून मी वार्षिक अहवाल टाइप करत होते आणि माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, की आम्ही मोजायचं थांबवतो तेव्हाच त्या पट्टीचं काम सुरू होतं.

सल्लागाराचा रुमाल हातातच राहिला. “हे मला कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही नऊ दिवसांत सगळ्यांशी बोललात,” ती म्हणाली. “खडे उचलणारीशी सोडून.”

व्यवस्थापक पुढे झाले. फराटे म्हणजे पुरावा नव्हे, एक कर्मचारी उठून मंडळाला शिकवणार का, असं काहीबाही बोलले. ती त्यांच्याकडे वळलीच नाही. अध्यक्षबाईंना म्हणाली, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. साडेचारपर्यंत थांबा, एवढंच मागते.”

बाकीचे जेवायला गेले. अध्यक्षबाईंनी दवाखान्यात फोन करून दुपारचे रुग्ण पुढे ढकलले आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसल्या. आम्ही डबे उघडले. शाळेचे प्रमुख विमानं ठेवायचं जुनं हँगर बघून आले आणि गंजलेल्या दारांवरून सगळ्यांना झापलं. चार वाजले, टॉवरच्या माणसानं कुलूप लावलं. सव्वाचारला गवत हललं. पावणेपाचला शेडचा पत्रा वाजायला लागला आणि मोजा टेकडीच्या उलट दिशेनं सरळ आडवा ताठ झाला. पाचला दोन फवारणीची विमानं आखूड पट्टीवर उतरली. सव्वापाचला रुग्णांचं विमान. शाळेच्या प्रमुखांना परत जायचं होतं. त्यांनी मोठ्या पट्टीकडे बघून तोंड वाकडं केलं आणि आखूड पट्टीवरूनच उडाले.

अध्यक्षबाई केस दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. वाऱ्यात ओरडून म्हणाल्या, “उद्यापासून टॉवर सूर्यास्तापर्यंत उघडा ठेवा! महिनाभर मोजा!”

महिनाभर मोजलं. आखूड पट्टीवर एक्केचाळीस विमानं उतरली, त्यातली तेहेतीस चारनंतर. मतदान झालं. चार विरुद्ध तीन, म्हणजे काठावरच, पण आखूड पट्टी राहिली. पाच वर्षांसाठी, मग पुन्हा विचार. सल्लागारानं आराखडा नव्यानं लिहिला, आणि त्याच्या मागे तिची चार पानं परिशिष्ट म्हणून जशीच्या तशी जोडली, खडबडीत वाक्यासकट. पुढल्या वर्षी विमानचालन शाळेची सहा विमानं आली. तोटा सगळा भरून निघाला असं मी म्हणणार नाही, पण नगरपालिकेतला आरडाओरडा कमी झाला.

आणि तिचं काय झालं? काही नाही. ती वाहनतळावरच राहिली. व्यवस्थापकांनी दोन वेळा निरोप पाठवला. आता सगळं झालंच आहे, चार ओळी लिहून द्या, लगेच पट्टीवर परत घेतो. दुसरा निरोप मीच घेऊन गेले. ती एका गाडीखालचं तेल पुसत होती.

“काय लिहायचं?” तिनं विचारलं.

“की तुमची वागणूक अनुचित होती, दिलगीर आहात. मी टाइप करून आणते, ताई. सही करा नि मोकळ्या व्हा. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. पट्टीवर परत जाल.”

ती उठून उभी राहिली. पट्टीवर परत जायची तिला किती ओढ होती हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी वाहनतळाच्या कुंपणाशी जाऊन ती पाच मिनिटं आत बघायची, नव्या माणसाच्या नजरेतून काही सुटतंय का ते. सुटलं तर हाका मारून सांगायची.

“अनुचित?” ती म्हणाली. “खरं बोलले ते अनुचित? सांग त्यांना, पट्टी मला प्यारी आहे, पण एवढीही नाही.”

“हट्ट कुणासाठी चाललाय हा?”

“माझ्यासाठी,” तिनं बोळा बादलीत टाकला. “सगळं गावासाठीच करायचं असतं का? एखादी गोष्ट माझीही असू दे.”

दोन वर्षं तिनं तेल पुसलं आणि निवृत्त झाली. निरोप समारंभात व्यवस्थापकांनी तिच्या दीर्घ सेवेचं कौतुक केलं, तेव्हा ती सगळ्यांदेखत घड्याळ बघत होती.

आता ती घरी असते, म्हणजे नसतेच. मागच्या महिन्यात कार्यालयात आली ती अर्ज घेऊन. विमानचालन शाळेची विमानं भर दुपारी प्राथमिक शाळेवरून खालून घिरट्या घालतात, मुलांना बाई काय शिकवतात ते ऐकू येत नाही, त्यांचा मार्ग बदलावा. खाली सत्तर पालकांच्या सह्या.

“अहो ताई,” मी म्हटलं, “ही शाळा तुम्हीच आणलीत ना इथं?”

“आणली म्हणून काय डोक्यावर बसवून घेऊ? शिक्का मार, पोच दे. आणि सुनावणीची तारीख सकाळची नको, मला दुपारची हवी.”

मी शिक्का मारला, पोच दिली. संध्याकाळी मिशीवाल्या प्रमुखांचा फोन आला, त्या बाईंना आवरा म्हणून. मी म्हटलं, साहेब, मी वर राहते, त्या खाली राहतात, वीस-पंचवीस वर्षांत मला जमलं नाही, तुम्ही प्रयत्न करून बघा.